आफ्रिकेच्या काजूबीवर शून्य शुल्क : लाभ नेमका कोणाच्या पदरात पडतो?

कुडाळची शिक्षिका

नमस्कार. मी कुडाळमध्ये कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. माझ्या सासरी काजू प्रक्रियेचा लहानसा कारखाना आहे. दरवर्षी आपल्याकडची काजूची झाडे जेमतेम मोहरलेली असतात, तेव्हा कारखान्यात टांझानियाच्या बीच्या गोणी उतरू लागतात. यंदा बारावीच्या काही मुलींना मी कारखाना दाखवायला नेले होते. प्राधान्य व्यापार करार म्हणजे काय, म्हणजे ठरावीक देशांच्या मालाला इतरांपेक्षा कमी शुल्काची सवलत कशी असते, हे वर्गात शिकवून झाले होते. अल्पविकसित देशांतून येणाऱ्या बहुतेक मालावर भारत आयात शुल्क घेत नाही, हेही मी सांगितले होते. गोणीवरचा शिक्का वाचून एका मुलीने विचारले, "बाई, यांच्या मालाला आपण शुल्क लावत नाही, तर मग तिथला शेतकरी अजून गरीब का?"

पाठ्यपुस्तकातले उत्तर मी दिले, पण ते देताना माझेच समाधान झाले नाही. अमेरिका, युरोपीय संघ, चीन आणि भारत यांनी गेल्या पन्नास वर्षांत आफ्रिकी देशांना निरनिराळ्या सवलती दिल्या. त्यांतून तेथे कारखाने उभे राहिले का, की आमच्यासारख्यांना कच्चा माल स्वस्तात मिळण्याचीच सोय झाली? या व्यापारातील आणि या विषयाचा अभ्यास असलेल्या मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे. मुलींना मला अर्धवट उत्तर द्यायचे नाही.

वेंगुर्ल्याचा गरवाला

ताई, बावीस वर्षे मी आफ्रिकेची बी विकत घेतो आहे, म्हणून या व्यापारापुरते खात्रीने सांगू शकतो.

नवी दिल्लीत एप्रिल २००८ मध्ये भारत-आफ्रिका शिखर परिषद झाली. अल्पविकसित देशांसाठीची शुल्कमुक्त योजना तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी तेथेच जाहीर केली. कापूस, कोको, तांबे व ॲल्युमिनियमची खनिजे, ऊस साखर आणि तयार कपडे यांच्यासोबत काजूचेही नाव त्या घोषणेत होते. पुढे २०१४ साली योजना वाढवून जवळपास ९८ टक्के वस्तू शुल्कमुक्त झाल्या. टांझानिया, मोझांबिक, बेनिन आणि गिनी-बिसाऊ हे देश या यादीत बसतात. आयव्हरी कोस्ट आणि घाना मात्र अल्पविकसित गणले जात नसल्यामुळे बाहेर राहतात. जगात कच्ची काजूबी सर्वांत जास्त पिकवणारा देश आयव्हरी कोस्ट, आणि नेमकी त्यालाच ही सवलत नाही.

आता त्या सवलतीचे मोल किती ते पाहा. कच्च्या बीवरचे सर्वसाधारण आयात शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पापासून अडीच टक्के आहे. म्हणजे टांझानियाला आयव्हरी कोस्टपेक्षा शंभरामागे अडीच रुपयांचा फायदा. आमच्या धंद्यात बीचा भाव आउटटर्नवर, म्हणजे ऐंशी किलोच्या गोणीतून किती पौंड गर निघतो त्यावर ठरतो. अठ्ठेचाळीस पौंडांऐवजी सत्तेचाळीस निघाले की दोन टक्के गेलेच. बी ओली लागली किंवा बोटीवर महिनाभर अडकून काळी पडली, तर त्याहून जास्त जातात. बावीस वर्षांत माझी एकही खरेदी त्या अडीच टक्क्यांवर ठरलेली नाही. टांझानियाची बी आम्ही घेतो ती तिथला हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी असतो म्हणून. त्या दिवसांत आमची गोदामे रिकामी असतात आणि फोडणाऱ्या व सोलणाऱ्या बायकांना काम द्यावे लागते. शुल्कमाफी नसती तरी ती बी आलीच असती.

दुसरी बाजूही लिहितो, कारण त्यात माझा स्वतःचा स्वार्थ आहे आणि तो लपवणे बरे नाही. कच्ची बी जवळजवळ मोकळी येते, पण फोडून सोललेल्या गरावरचे सर्वसाधारण शुल्क २०१९ साली ४५ टक्क्यांवरून ७० टक्के झाले. त्याच वर्षी किमान आयात किंमत पूर्ण गराला किलोमागे ७२० आणि तुकड्याला ६८० रुपये अशी वाढवली गेली, आणि त्याहून स्वस्त गर आणण्यास मनाई झाली. हे संरक्षण आमच्या संघटनांनी मागितले होते आणि मीही त्या मागणीवर सही केली होती. ते नसते तर सावंतवाडी-वेंगुर्ले पट्ट्यातले कित्येक लहान कारखाने आज उभे नसते. मात्र आफ्रिकेतून पाहिले तर याचा अर्थ सरळ आहे : बी द्या, गर नको. मुलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला येथेच दिसते.

संशोधक, रत्नागिरी

गरवाले काकांनी काजूबद्दल जे लिहिले, त्यात एक भर घालतो. अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्याकडे काजूगरावर सर्वसाधारण शुल्कच शून्य आहे. जेथे सगळ्यांनाच शुल्क नाही, तेथे प्राधान्याने कोणाला काय जास्त मिळणार? प्राधान्याचे मोल असते ते इतरांना भराव्या लागणाऱ्या शुल्काइतके. बाकीच्यांचे शुल्क कमी झाले की तेवढे प्राधान्य आपोआप झिजते.

म्हणूनच ज्या वस्तूंवर शुल्क जबर आहे, तेथे प्राधान्याचा परिणाम खरोखर मोठा झालेला दिसतो. तयार कपड्यांचे उदाहरण घ्या. अमेरिकेत सुती टी-शर्टवर १६.५ टक्के, तर कृत्रिम धाग्याच्या काही कपड्यांवर ३२ टक्क्यांपर्यंत शुल्क असते. मे २००० मध्ये अमेरिकेने सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकी देशांसाठी 'अगोआ' हा कायदा केला आणि पात्र देशांना हे शुल्क माफ केले. अधिक गरीब देशांना कापड चीन, तैवान किंवा भारतातून आणून केवळ शिवून पाठवण्याचीही मुभा मिळाली. माल कोणत्या देशाचा धरायचा हे ठरवणाऱ्या अशा अटींना व्यापारात उत्पत्तीचे नियम म्हणतात, आणि माझ्या मते कोणत्याही व्यापार करारात शुल्काच्या आकड्याआधी हे नियम वाचले पाहिजेत. 'सूत तुमचे, कापड तुमचे, शिलाईही तुमची, तरच सवलत' अशी अट असेल, तर ज्या देशात सूतगिरणीच नाही त्याला शून्य शुल्काचा काहीच उपयोग नसतो. ही अट शिथिल झाल्यामुळे लेसोथोसारख्या चिमुकल्या, चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या देशात हजारो स्त्रिया शिलाई कारखान्यांत कामाला लागल्या. मादागास्कर आणि केनियातही तसेच घडले.

पण ही सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. मादागास्करमध्ये २००९ साली सत्तांतर झाले, १ जानेवारी २०१० पासून त्याची पात्रता गेली, आणि ती परत मिळेपर्यंत २०१४ उजाडले. सत्ता बळकावणारे वेगळे होते. काम गेले ते कारखान्यातील मुलींचे. रवांडाने जुन्या वापरलेल्या कपड्यांवरचे आयात शुल्क वाढवले, तर २०१८ मध्ये अमेरिकेने त्याच्या तयार कपड्यांची सवलत स्थगित केली. इथिओपियाला अंतर्गत युद्धाच्या कारणावरून १ जानेवारी २०२२ पासून वगळले गेले. त्या देशाने हवासा येथे कपड्यांसाठी मोठी औद्योगिक वसाहत उभारलेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये तर कायद्याचीच मुदत संपली, आणि त्याआधी एप्रिलमध्ये लेसोथोवर ५० टक्के शुल्क जाहीर झाले होते. ते पुढे १५ टक्क्यांवर आले. पण मधल्या चार महिन्यांत मागणी थांबवणाऱ्या ग्राहकाला कोण अडवणार? कारखाना उभारण्याचा खर्च दहा-पंधरा वर्षांत वसूल होतो. सवलतीची खात्री मात्र वर्षाकाठी तपासली जाते. अशा स्थितीत गुंतवणूकदार शिवणयंत्रे आणतो, कारण ती उचलून दुसरीकडे नेता येतात. सूतगिरणी तो उभारत नाही.

देवगडची पेटी

मी हापूस निर्यात करतो, काजूतले मला कळत नाही. पण शुल्क शून्य झाले म्हणजे वाट मोकळी झाली, असा जो समज दिसतो, त्यावर थोडे लिहितो. फळमाशी आढळल्याच्या कारणावरून १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला बंदी केली, ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. ऐन हंगामात पेट्या भरून तयार होत्या. त्या वर्षी आम्हाला शुल्काने नव्हे, तपासणीने अडवले. उष्णजल प्रक्रियेची सोय, बागेची नोंदणी, फवारणीच्या नोंदी आणि प्रयोगशाळेचा दाखला हे सारे उभे करायला आपल्यासारख्या मोठ्या देशालाही वेळ लागला. बुर्किना फासो किंवा माली येथील आंबा बागायतदाराने हा खर्च कोठून करावा? सवलत देणाऱ्या देशाने त्याबरोबर प्रयोगशाळाही दिली, तरच त्या सवलतीला मी सवलत म्हणेन.

दोडामार्गचा बागायतदार

सर्वांचे वाचले. माझी चार एकर काजूची बाग आहे, बहुतेक झाडे वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७. आफ्रिकेच्या शेतकऱ्याबद्दल मला आपुलकीच आहे, कारण त्याचे आणि माझे दुखणे एकच आहे. काजूचे झाडसुद्धा दोघांकडे एकाच हाताने आले. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून ते गोव्यातही आणले आणि मोझांबिकमध्येही नेले. पण मार्चमध्ये माझी बी बाजारात येते, तेव्हा व्यापारी मला बाहेरच्या बीचा भाव ऐकवतो. शासनाने २०२४ च्या हंगामासाठी किलोमागे १० रुपये अनुदान दिले, कारण भाव परवडत नव्हता हे शासनालाही मान्य करावे लागले. तेव्हा बिनशुल्क आयातीची किंमत येथे कोण मोजतो, हेही ताईंनी मुलींना सांगावे.

आणखी एक शंका आहे. कच्ची बी बाहेर जाऊ देऊ नये, तिच्यावर निर्यात कर लावावा, म्हणजे तेथे कारखाने होतील, असे पुष्कळ जण म्हणतात. पण निर्यात कर लागला की कारखानदाराला बी स्वस्त मिळते आणि बागायतदाराचा भाव पडतो. उद्या माझ्या बीला जिल्ह्याबाहेर विकण्यास बंदी केली, तर मी ते सहन करीन का? मग तेथल्या शेतकऱ्याने का करावे?

वेंगुर्ल्याचा गरवाला

दादा, तुमच्या शंकेला मोझांबिकच्या अनुभवाने उत्तर देता येते, पण ते सोपे नाही. तो व्यापार कराराचा प्रसंग नव्हता, जागतिक बँकेच्या कर्जासोबत आलेल्या अटींचा होता. तरी तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

एके काळी मोझांबिक काजू उत्पादनात जगात पहिला होता. स्वातंत्र्यानंतर त्याने कच्ची बी बाहेर पाठवण्यास बंदी घातली आणि आपले कारखाने चालवले. नंतर यादवी युद्धात बागा उजाड झाल्या. नव्वदीच्या दशकात बंदी उठवून निर्यात कर लावला गेला, आणि जागतिक बँकेच्या आग्रहाने तो टप्प्याटप्प्याने १४ टक्क्यांपर्यंत उतरवला गेला. त्यामागचा तर्क तुमचाच होता : कर उतरला की शेतकऱ्याला भाव मिळेल. प्रत्यक्षात बी बोटीत भरून भारतात आली, तिकडचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि हजारो कामगार, त्यांत पुष्कळ स्त्रिया, घरी बसल्या. अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली याचा हिशेब मांडला, तेव्हा काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाला झालेला लाभ वर्षाला ५.३० डॉलरपेक्षा जास्त भरला नाही. वाढलेल्या भावाचा मोठा वाटा मधल्या व्यापाऱ्यांकडेच राहिला. शिवाय परदेशी ग्राहक म्हणजे प्रामुख्याने आम्ही, भारतीय कारखानदार. खरेदीदार मोजके असले की भाव त्यांच्याच हाती राहतो. शेवटी १९९९ मध्ये तेथे कर पुन्हा १८ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान नेला गेला आणि काही वर्षांनी लहान कारखाने हळूहळू परत उभे राहिले.

म्हणून माझे म्हणणे असे की करामुळे भाव पडतो हे तुमचे खरे, पण कर काढल्याने भाव मिळतोच असे नाही. गावात दोन-तीन खरेदीदार एकमेकांशी स्पर्धा करत असतील, रस्ता असेल, आणि बी साठवून ठेवण्याइतकी ऐपत शेतकऱ्यात असेल, तरच वरची सूट खाली झिरपते. टांझानियाने सहकारी संस्थांच्या गोदामांतून लिलाव सुरू केले, ते याच साठी. आम्हाला तेथे बी महाग पडते अशी आमची कुरकुर असते, पण त्यांच्या जागी मी असतो तर हेच केले असते.

निवृत्त शिक्षक, राजापूर

एका यशस्वी उदाहरणाचा उल्लेख राहून गेला आहे, आणि ते तर आपल्या माणसांचे आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी भागातून पुष्कळ कुटुंबे मुंबई बंदरातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांत करारावर मजुरीसाठी गेली. त्यांचे वंशज आजही तेथे गणेश चतुर्थी साजरी करतात आणि त्या दिवशी तेथे सार्वजनिक सुट्टी असते.

युरोपने आपल्या जुन्या वसाहतींना व्यापारात सवलती देणारा जो लोमे करार केला, त्यासोबत १९७५ साली साखरेचा एक स्वतंत्र करार झाला. युरोपने मॉरिशसकडून दरवर्षी ठरावीक, सुमारे पाच लाख टन साखर जागतिक बाजारापेक्षा बऱ्याच चढ्या भावाने घेण्याचे मान्य केले. हा भाव तीस वर्षांहून अधिक काळ टिकला. मॉरिशसने १९७० मध्येच निर्यात उद्योगांसाठी कायदा करून ठेवलेला होता. साखरेतला नफा कापड उद्योगात, पुढे पर्यटनात गुंतवला गेला. युरोपने २००६ पासून साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के उतरवला, तेव्हा तो देश कोसळला नाही. उरलेल्या उद्योगाने कच्च्या साखरेऐवजी शुद्ध पांढरी साखर पाठवण्यास सुरुवात केली. संशोधकांनी लिहिलेली खात्री येथे होती. सवलत दीर्घकाळ टिकली, आणि त्या काळात पैसा दुसरीकडे वळवणारे शासन होते. हाच भाव, याच करारातून, आफ्रिकेतील इतरही देशांना मिळत होता. सर्वांनी मॉरिशससारखी वाट धरली असे नाही.

कुडाळची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. गुरुजी, मॉरिशसचे उदाहरण मी वर्गात नक्की घेईन. संशोधक दादांना विचारायचे आहे : युरोपशी आता जे परस्पर करार होत आहेत, त्यांत आफ्रिकी देशांनाही आपली दारे उघडावी लागतात. निदान त्यामुळे तरी ती मर्जीची अनिश्चितता संपते ना? आणि आफ्रिकेचा आपसातला जो खंडव्यापी करार आहे, तो यापेक्षा वेगळा कसा?

संशोधक, रत्नागिरी

ताई, अनिश्चितता कमी होते हे खरे, पण त्याची किंमत मोजावी लागते. लोमे करारातील सवलत एकतर्फी होती. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत ती बसेना, म्हणून २००० च्या कोटोनू करारानंतर परस्पर करारांची बोलणी सुरू झाली. त्यांत आफ्रिकी देशाने युरोपच्या सुमारे ८० टक्के मालावरचे शुल्क पंधरा-वीस वर्षांत काढावे, असा साधारण ढाचा आहे. ज्या देशांत आयकर भरणारे थोडे, तेथे शासनाच्या तिजोरीचा मोठा भाग सीमाशुल्कातून येतो. ते आटले तर शाळा-दवाखाने कशावर चालवायचे, हा प्रश्न तेथील अर्थमंत्र्यांपुढे खरोखरचा असतो.

शिवाय दबाव सर्वांवर सारखा नसतो. पूर्व आफ्रिकेत टांझानिया, युगांडा, रवांडा हे अल्पविकसित असल्याने करार न करताही त्यांना युरोपात शुल्क नाही. शेजारच्या केनियाला मात्र ही सोय नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये करार वेळेत झाला नाही, तेव्हा केनियाच्या फुलांवर जवळपास तीन महिने शुल्क लागले. टांझानियाने पुढे सही नाकारली. केनियाने अखेर एकट्याने करार केला आणि तो १ जुलै २०२४ पासून लागू झाला. पश्चिमेकडे आयव्हरी कोस्ट आणि घाना यांनी कोकोचा बाजार सांभाळण्यासाठी वेगवेगळे करार केले, नायजेरियाने केला नाही. परिणाम असा की बाहेरच्या मालावर एकच शुल्क ठेवण्याचे ठरवलेल्या, म्हणजे एकाच जकात संघातील शेजाऱ्यांचे बाहेरच्या मालावरचे शुल्क निराळे होते, आणि सीमेवर पुन्हा तपासणी नाके लागतात.

म्हणूनच खंडव्यापी करार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मार्च २०१८ मध्ये किगाली येथे त्यावर सह्या झाल्या, मे २०१९ मध्ये तो अमलात आला आणि १ जानेवारी २०२१ पासून व्यापार सुरू झाल्याचे जाहीर झाले. एरिट्रिया वगळता आफ्रिकी संघाच्या सर्व देशांनी सही केली आहे. शेजाऱ्याला विकल्या जाणाऱ्या मालात प्रक्रिया केलेल्या वस्तूंचा वाटा मोठा असतो, दूरदेशी जाणाऱ्या मालात कच्च्याचा. त्यामुळे कारखाना उभा राहण्याची शक्यता येथे जास्त. मात्र कपडे आणि मोटारी यांच्या उत्पत्तीच्या नियमांवर बोलणी वर्षानुवर्षे रखडली, आणि रस्ते व बंदरे यांचा खर्च कोणत्याही शुल्कापेक्षा भारी आहे.

दोडामार्गचा बागायतदार

काका, शेवटचे एक विचारतो. बेनिनने एप्रिल २०२४ पासून कच्ची बी बाहेर पाठवणे बंद केले, आता तेथेच कारखाने चालवणार आहेत. एकामागून एक देश असेच करू लागले, तर माझ्या बीला भाव येईल की तुमचा कारखाना बंद पडेल?

वेंगुर्ल्याचा गरवाला

दादा, दोन्ही होऊ शकते. बाहेरची बी आटली की पहिली दोन-तीन वर्षे तुम्हाला भाव मिळेल, कारण आम्ही तुमच्याच दारात येऊ. पण जिल्ह्याची सगळी बी मिळूनही आमची यंत्रे जेमतेम चार-पाच महिने चालतील, आणि उरलेल्या महिन्यांत बायकांना काम देता येणार नाही. तोपर्यंत बागा वाढल्या पाहिजेत आणि जुनी झाडे काढून कलमे लागली पाहिजेत. बेनिनच्या कारखान्यात आज ज्या मुली बी फोडत असतील, त्यांचे काम हिरावून माझा कारखाना चालावा असे मला वाटत नाही. गेल्या वर्षी मी बेनिनची बी घेतली नाही, मिळालीच नाही. यंदा मे महिन्यात तुमची बी किती निघते ते कळवा; भाव आधी ठरवून घेऊ.